कॅराव्हॅनचा तोल घराच्या दारातच ठरतो

ब्रिटनमधल्या मोटरवेवर मोटारीमागे कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, जोडून एक कुटुंब सुट्टीला निघालं आहे. शेजारून मोठा ट्रक वेगाने पुढे जातो. त्याने बाजूला सारलेली हवा कॅराव्हॅनच्या उंच, सपाट भिंतीवर आदळते आणि तिचं मागचं टोक किंचित सरकतं. बहुतेक वेळा दोन-तीन हेलकाव्यांत ती पुन्हा सरळ होते. क्वचित मात्र प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होत जातो, मोटारीची मागची चाकंही फरफटतात आणि दोन्ही वाहनं रस्त्यात आडवी होऊ शकतात. धक्का सारखाच, मग एक कॅराव्हॅन सावरते आणि दुसरी का नाही?

सावरण्याचं काम टायर करतात. कॅराव्हॅन बाजूला सरकू लागली की टायर रस्त्यावर थोडे तिरके चालतात, रस्ता त्यांना उलट ढकलतो आणि हेलकाव्यातली ऊर्जा शोषली जाते. वेग वाढला की तेवढ्याच सरकण्याने टायरचा तिरकेपणा कमी होतो आणि हे शोषण मंदावतं. त्यामुळे मोटार आणि कॅराव्हॅनच्या प्रत्येक जोडीला एक सीमावेग असतो. त्याच्या आत हेलकावे आपोआप विरतात, त्याच्या पुढे ते वाढत जातात. ताशी 80 किलोमीटरला निमूट चालणारी जोडी 100 ला बेफाम होऊ शकते, ती यामुळेच.

हा सीमावेग कशावर अवलंबून असतो? इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यासाठी प्रत्यक्ष चाचण्या घेतल्या. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, नुसत्या एकूण वजनाने स्थैर्यात फार फरक पडत नाही. मोठा फरक पडतो तो वजनाच्या वाटणीने, कॅराव्हॅनच्या नाकावर, म्हणजे मोटारीला जोडलेल्या पुढच्या टोकावर, येणाऱ्या भाराने आणि चाकांच्या आसाच्या जागेने. यातली आसाची जागा कारखान्यात ठरते. उरलेल्या दोन गोष्टी सामान भरणाऱ्याच्या हातात असतात.

आधी नाकावरचा भार पाहू. बैलगाडीत मागे जास्त माल भरला की गाडी उलाळते, म्हणून गाडीवान पुढे थोडा भार ठेवतो. कॅराव्हॅनलाही तोच नियम लागू आहे. जोडणीच्या गोळ्यावर भरलेल्या कॅराव्हॅनच्या वजनाच्या साधारण 5 ते 7 टक्के भार यावा, असं ब्रिटनमध्ये सांगितलं जातं. 1,300 किलोच्या कॅराव्हॅनसाठी हा भार 65 ते 91 किलो होतो. मात्र मोटारीच्या आणि टोबारच्या, म्हणजे मोटारीमागच्या जोडणीच्या दांड्याच्या, उत्पादकाने दिलेली मर्यादा कधीही ओलांडायची नाही. हा भार मोजायला साधा मापक मिळतो आणि प्रत्येक वेळी सामान भरून झाल्यावर तो मोजावा.

दुसरी गोष्ट आसापासूनच्या अंतराची. एखादी वस्तू कॅराव्हॅनच्या हेलकाव्याला किती जोर देईल, हे तिच्या आसापासूनच्या अंतराच्या वर्गावर ठरतं. 20 किलोची पेटी आसापासून अर्ध्या मीटरवरून उचलून अडीच मीटरवर ठेवली, तर अंतर पाचपट होतं आणि तिचा परिणाम पंचवीसपट. म्हणून तंबूचं जड कापड, डबे, अवजारं आसाच्या जवळ आणि जमिनीलगत ठेवायची. वरच्या कपाटांत अंथरुणं, कपडे अशा हलक्या वस्तू. पाण्याची टाकी रिकामी करून निघावं, कारण 40 लिटर पाणी म्हणजे 40 किलो.

मोटारही तोलामोलाची हवी. नवख्यांनी कॅराव्हॅनचं भरलेलं वजन मोटारीच्या वजनाच्या 85 टक्क्यांच्या आत ठेवावं, असा ब्रिटनमधला सल्ला आहे. 1,600 किलोच्या मोटारीमागे म्हणजे 1,360 किलोपर्यंत. 16 डिसेंबर 2021 पासून तिथे मोटारीचा परवाना असणाऱ्यांना 3,500 किलोपर्यंतचा ट्रेलर ओढण्यासाठी वेगळी परीक्षा द्यावी लागत नाही. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही त्यामुळे हा प्रवास सोपा झाला. परीक्षा नाही, तेव्हा शिकण्याची जबाबदारी आपलीच.

निघण्यापूर्वी जोडणी घट्ट बसली का, दिवे लागतात का, टायरमध्ये हवा नीट आहे का आणि तुटजोडीची तार अडकवली का, हे तपासावं. कॅराव्हॅन सुटलीच, तर ही तार तिचा हातब्रेक ओढते. एरवी तिचे ब्रेक आपोआप लागतात. मोटार मंदावली की कॅराव्हॅन पुढे रेटते आणि त्या रेट्यानेच ब्रेक दाबले जातात. आरसेही रुंद लावावेत.

कॅराव्हॅन ओढताना ब्रिटनमधल्या मोटरवेवर ताशी 60 मैल, म्हणजे सुमारे 96 किलोमीटर ही कमाल मर्यादा आहे, तर दुभाजक नसलेल्या रस्त्यावर 50 मैल. उतारावर आणि वाऱ्यात त्याहूनही हळू जावं. हेलकावे सुरू झालेच, तर वेग वाढवून सरळ करण्याचा मोह टाळावा. करकचून ब्रेक दाबू नयेत, स्टिअरिंग झटक्याने फिरवू नये. ॲक्सिलरेटरवरून पाय हळूहळू काढावा आणि स्टिअरिंग सरळ धरावं. वेग सीमेखाली आला की टायर आपलं काम पुन्हा करू लागतात.

मागे घेणं रिकाम्या मैदानात शिकावं. हात स्टिअरिंगच्या तळाशी धरला, तर कॅराव्हॅनचं मागचं टोक ज्या बाजूला न्यायचं, त्याच बाजूला हात सरकवायचा.

रस्त्याची वेगमर्यादा फलकावर वाचता येते. आपल्या जोडीचा सीमावेग मात्र कुठल्याही फलकावर नसतो. तो सुरक्षित अंतरावर ठेवायचा तर नाकावरचा भार मोजायला आणि जड सामान आसाजवळ आणायला निघण्यापूर्वी अर्धा तास द्यावा. घरच्यांना घेऊन निघणाऱ्या प्रत्येकाने हा अर्धा तास प्रवासातच धरावा.