फिकट हिरड्यांमागचे कारण

मांजराच्या हिरड्या पांढुरक्या पडल्या, की त्याला रक्तक्षय झाला आहे एवढे कळते. तो कशामुळे झाला, हे त्यावरून मुळीच कळत नाही. रक्तक्षय हा स्वतंत्र रोग नसून अनेक रोगांचे समान लक्षण आहे, आणि मांजर दुखणे लपवण्यात इतके तरबेज असते, की रक्त हळूहळू कमी होत गेले तर खाणे सोडेपर्यंत ते घरच्यांच्या ध्यानातही येत नाही. अशा मांजराला लगेच लोहाचे टॉनिक सुरू करणे बहुधा निरर्थक असते, कारण पिसवांनी शोषलेली पिल्ले वगळली तर लोहाची कमतरता हे मांजरांतील रक्तक्षयाचे फारसे आढळणारे कारण नव्हे.

तपासाची सुरुवात काचेच्या बारीक केशनलिकेपासून होते. नळीत रक्त घेऊन तिचे एक तोंड बंद केले आणि ती सेंट्रिफ्यूजमध्ये काही मिनिटे वेगाने फिरवली, म्हणजे तळाशी तांबड्या पेशी, त्यांवर पांढऱ्या पेशी व प्लेटलेट यांचा पातळ पट्टा आणि सर्वांत वर रक्तद्रव असे थर पडतात. तांबड्या थराचे प्रमाण निरोगी मांजरात साधारण २५ ते ४५ टक्के असते. तो आकडा टिपून नळी फेकून देणे मात्र घाईचे होय. वरचा द्रव पिवळा असेल, तर पेशी शरीरातच फुटत असल्याची किंवा यकृत बिघडल्याची शंका येते. त्यातील प्रथिनेही पेशींबरोबर घटली असतील, तर रक्त कोठे तरी वाहून गेले असावे, असा तर्क करता येतो.

खरा निर्णायक प्रश्न यापुढचा: अस्थिमज्जा, म्हणजे हाडांच्या पोकळीतील रक्त घडवणारा गर, ही तूट भरून काढण्याच्या प्रयत्नात आहे की नाही? त्यासाठी न्यू मेथिलीन ब्लू या रंगाने रक्त रंगवून रेटिक्युलोसाइट, म्हणजे नुकत्याच बाहेर पडलेल्या अपक्व तांबड्या पेशी, मोजतात. मांजरात त्या दोन प्रकारच्या असतात. दाट निळी जाळी असलेल्या पेशी आजची निर्मिती दाखवतात, तर विखुरलेले ठिपके असलेल्या पेशी रक्तात बरेच दिवस रेंगाळतात, म्हणून पहिल्याच मोजायच्या. मज्जेला प्रतिसाद द्यायला तीन ते पाच दिवस लागत असल्याने अचानक झालेल्या रक्तस्रावानंतर लगेच घेतलेला नमुना हमखास फसवतो.

मज्जा काम करत असेल, तर रक्त वाहते आहे किंवा पेशी फुटत आहेत, हे उघड होते. काचपट्टीवरच्या रक्तात सलाइनचा थेंब मिसळल्यावर पेशींच्या नाण्यांसारख्या चळती सुटल्या, तर काळजीचे कारण नाही, कारण मांजरात त्या स्वाभाविक असतात. गुठळ्या तशाच राहिल्या, तर शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटल्याचा संशय बळावतो. पेशींच्या पृष्ठभागावर चिकटणारा मायकोप्लाझ्मा हीमोफेलिस हा जंतू नमुना नळीत राहिला की पेशींपासून सुटून जातो, म्हणून पट्टी ताज्या रक्ताची हवी, आणि ती कोरी दिसली तरी पीसीआर चाचणी करावीच लागते.

मज्जाच थंड असेल, तर शोध लांबतो. जुनाट मूत्रपिंडविकारात मज्जेला चालना देणारे एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक पुरेसे तयार होत नाही. दीर्घकाळच्या दाहातही निर्मिती मंदावते. आणि १९६४ मध्ये ग्लासगो येथे विल्यम जॅरेट व त्यांच्या सहकाऱ्यांना सापडलेला ल्युकेमियाचा विषाणू थेट मज्जेवरच घाला घालू शकतो, म्हणून अशा प्रत्येक मांजराची त्यासाठी चाचणी व्हावी. एवढ्यावरही उत्तर मिळाले नाही, तरच भूल देऊन मज्जेचा नमुना घेतात. स्टेरॉइड मात्र हे नमुने घेण्याआधी देऊ नये, कारण त्याने लिम्फोमासारख्या कर्करोगाच्या खुणा पुसट होतात.

एक कारण मात्र प्रयोगशाळेआधी घरच्यांनाच ठाऊक असते. मांजराचे हिमोग्लोबिन सहज बिघडते आणि पॅरासिटामॉलचा निचरा करण्याची त्याच्या यकृताची क्षमता फार तोकडी असते; माणसाची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी त्याचा जीव घेऊ शकते, कांदा-लसूणही तांबड्या पेशी फोडतात, आणि पॅरासिटामॉलवरचा उतारा लवकर दिला तरच उपयोगी पडतो. म्हणून तापाची गोळी किंवा कांद्याचा रस्सा पोटात गेला असेल, तर ते पशुवैद्यकाला पहिल्याच भेटीत, संकोच न करता सांगावे.