विक्रीच्या वस्तूचें छायाचित्र

बाजारांत मडकें घेणारी गृहिणी तें आधीं बोटानें वाजवून पाहते. लुगडें घेणारी पदर उलटून त्याची मागील बाजू पाहते. तांब्या घेणारा तो हातांत तोलून पाहतो. आतां पुष्कळशी खरेदी मोबाइलच्या पडद्यावर होऊं लागली आहे, आणि तेथें वाजविणें, उलटणें व तोलणें हीं तिन्हीं बंद झालीं आहेत. उरला तो केवळ डोळा. आणि त्या डोळ्यापुढेंहि वस्तु नसून वस्तूचें छायाचित्र असतें. ऑनलाइन विक्रींत माल परत येण्याचें एक नेहमींचें कारण म्हणजे ‘चित्रांत दिसला तसा तो नव्हता’ हें होय. घरीं बसून गोधड्या, पिशव्या किंवा भांडीं विकणाऱ्या कुटुंबाकडे असे चार नग परत आले कीं, केलेली मेहनत व पाठवणीचा खर्च दोन्हीहि अंगावर पडतात.

छायाचित्राकडे वस्तूची साक्ष म्हणून पाहण्याची कल्पना नवी नव्हे. इंग्लंडांत छायाचित्रणाचा पाया घालणाऱ्यांपैकीं एक, विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट, यानें १८४४ ते १८४६ या काळांत ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ हा ग्रंथ भागाभागानें प्रसिद्ध केला. त्यांत फळ्यांवर मांडलेल्या चिनी मातीच्या भांड्यांचें एक चित्र आहे. असा संग्रह चोरीस गेल्यास हें मुकें चित्र न्यायालयांत पुरावा म्हणून पुढें करतां येईल, असा विचार त्यानें तेथें मांडला आहे. विक्रेत्याचें चित्र हाहि एक मुका साक्षीदारच. त्यास बोलतें करण्याचें काम उजेडाचें आहे.

उदाहरणार्थ, पुण्याच्या कसबा पेठेंतील तांबट आळीचा तांब्या घेऊं. त्याच्या अंगावर हातोडीनें ओळीनें ठोके देऊन मठारकाम केलेलें असतें. त्यांतील प्रत्येक ठोका म्हणजे एक इवलासा आरसाच होय. मोबाइलच्या अंगच्या दिव्यानें समोरून उजेड टाकला, तर पोटाच्या मध्यावर एक पांढरा डाग पडतो व बाकीची नक्षी सपाट होते. कारण समोरून आलेल्या उजेडांत प्रत्येक ठोक्याची सावली त्याच्यामागेंच दडते, आणि सावलीवांचून खोलगटपणा डोळ्यास कळत नाहीं. म्हणून तांब्या खिडकीच्या बाजूस, असा ठेवावा कीं उजेड त्याच्या अंगावरून आडवा वाहत जाईल. मग प्रत्येक ठोक्याची एक कड उजळते, दुसरी काळवंडते, आणि कारागिराचें काम दिसूं लागतें.

मात्र खिडकींतून थेट ऊन येऊं देऊं नये. सूर्याचा व्यास सुमारें १४ लक्ष किलोमीटर, परंतु तो सुमारें १५ कोटि किलोमीटर दूर असल्यामुळें आपणांस जेमतेम अर्ध्या अंशाएवढा दिसतो. म्हणून त्याची सावली कडक पडते. उलटपक्षीं तीन फुटांवर असलेली तीन फुटी खिडकी तांब्यास कितीतरी मोठी दिसते. उजेड मृदु होणें हें दिव्याच्या शक्तीवर नव्हे, तर दिवा त्या वस्तूस केवढा दिसतो यावर अवलंबून आहे. खिडकीवर पातळ पांढरी मलमल ताणली कीं, ऊन पडलेलें सबंध कापडच दिवा बनतें. दुसऱ्या अंगास पांढरा पुठ्ठा उभा केला म्हणजे तिकडील अंधार आवश्यक तेवढाच उजळतो.

चकचकीत भांड्याची आणखी एक खोड आहे. आपाती कोन व परावर्तन कोन समान असतात, हा नियम वर्गांत सर्वांनीं पाठ केलेला असतो. तांब्या तो प्रत्यक्ष पाळून दाखवितो. खिडकीचे गज, फोटो घेणाऱ्याचा तांबडा सदरा, छतावरचा पंखा, सर्व कांहीं त्याच्या पोटांत उतरतें. यास्तव भोंवतीं पांढरीं कापडें लावावीं लागतात. पण चहूंकडे पांढरेंच झालें, तर तांब्याची कड पांढऱ्या पार्श्वभूमींत विरून जाते. तेव्हां चौकटीच्या अगदीं बाहेर, दोन्ही अंगांस काळ्या पुठ्ठ्याची एकेक पट्टी उभी करावी. तिचें प्रतिबिंब कडेवर बारीक काळी रेघ ओढतें व भांड्याचा घाट उठून दिसतो. माझ्या मतें हे दोन पुठ्ठे महागड्या दिव्यांपेक्षां अधिक काम करितात.

रंगाची बाब अधिक नाजूक. साध्या पिवळसर दिव्याचा प्रकाश सुमारें २७०० ते ३००० केल्व्हिनचा, तर दिवसाचा सुमारें ५५०० चा मानतात. दोन्ही एकत्र झाल्यास एक बाजू पिवळी व दुसरी निळसर येते, आणि मग कोणतीहि एक दुरुस्ती दोहोंस लागू पडत नाहीं. म्हणून खिडकीचा उजेड घेतांना घरांतील दिवे बंद करावे. शिवाय चौकट सगळी तांबूस झाली कीं, कॅमेरा तो दिव्याचा दोष समजून स्वतःच्या बुद्धीनें फिका करूं पाहतो. तेव्हां आधीं पांढरा कागद दाखवून रंगाचा समतोल कायम करून घ्यावा. पैठणीची अडचण याहून निराळी. कित्येक पैठण्यांत ताणा एका रंगाचा व बाणा दुसऱ्या रंगाचा असतो, त्यामुळें पाहण्याची दिशा बदलतांच छटा बदलते. तेथें एकच चित्र, कितीहि चांगलें असलें तरी, अर्धीच साक्ष देतें. दोन दिशांनीं दोन चित्रें घेतल्यावांचून इलाज नाहीं.

मांडणीविषयीं थोडें. मोबाइल फार जवळ नेल्यास तांब्याचें तोंड मोठें व बूड लहान दिसतें; तीन-चार फूट मागें सरून चित्र थोडें मोठें करून घ्यावें. पांढऱ्या पार्श्वभूमीनें कॅमेरा फसतो व ती राखाडी काढतो, म्हणून उजेडाचें माप किंचित् वाढवावें. ॲमेझॉनच्या नियमाप्रमाणें मुख्य चित्राची पार्श्वभूमि शुद्ध पांढरी असावी लागते व वस्तूनें चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापावा लागतो. नियम सोयीचा खरा. परंतु त्यामुळें फुलपात्र व हंडा पडद्यावर सारखेच मोठे दिसतात! सबब दुसऱ्या चित्रांत तांब्या कोणाच्या तरी हातांत द्यावा, आणि खालीं उंची व वजन लिहावें. तिसऱ्यांत आंतील कल्हई दाखवावी.

कोठें पोचा आला असल्यास त्याचेंहि जवळून एक चित्र जोडावें. त्याकरितां तांब्या खिडकीपाशींच थोडथोडा फिरवीत राहावें. पोच्याच्या एका कडेवर उजेड व दुसरीवर सावली पडली कीं त्याच क्षणीं चित्र घ्यावें.