आयरिश स्थलांतरित आणि मायदेशाहून जाणारी पत्रे : एक विवेचन

प्रस्तावना :
एकोणिसाव्या शतकातील आयर्लंडचा सामाजिक इतिहास हा बऱ्याच अंशी स्थलांतराचा इतिहास आहे. १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर पडलेल्या रोगामुळे जो महादुष्काळ ओढवला, त्यात सुमारे १० लाख लोक मृत्युमुखी पडले आणि १० लाखांहून अधिक लोकांनी देश सोडला. १८४१ च्या जनगणनेत सुमारे ८१.७५ लाख असलेली लोकसंख्या १८५१ मध्ये ६५.५ लाखांवर आली. दुष्काळ सरल्यावरही हा ओघ थांबला नाही. परदेशी गेलेल्यांनी घरी पाठविलेल्या पत्रांविषयी विपुल लेखन झाले आहे. मात्र घरून त्यांना गेलेल्या पत्रांचा विचार तुलनेने कमी झाला. या पत्रांनी कोणते कार्य केले आणि आज ती इतकी विरळ का आढळतात, या दोन प्रश्नांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

टपालव्यवस्था व साक्षरता :
१० जानेवारी १८४० पासून ब्रिटन व आयर्लंडमध्ये पत्रासाठी एक पेनीचा समान दर लागू झाला. समुद्रापलीकडील टपालाची स्थिती मात्र वेगळी होती. १८४८ च्या ब्रिटन-अमेरिका टपाल करारानुसार अर्ध्या औंसाच्या पत्राला एक शिलिंग पडत असे. ही रक्कम आयरिश शेतमजुराच्या एका दिवसाच्या मजुरीपेक्षा सहसा कमी नव्हती. पुढे हा दर १८७० मध्ये तीन पेन्स, १८७५ मध्ये अडीच पेन्स आणि १९०८ मध्ये एक पेनी इतका खाली आला.

लेखनक्षमता ही दुसरी अडचण होती. १८४१ मध्ये पाच वर्षांवरील ५३ टक्के लोकांना लिहिता-वाचता येत नव्हते. १८३१ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शाळांमुळे हे प्रमाण १९११ पर्यंत सुमारे १२ टक्क्यांवर आले. तोपर्यंत अनेक घरांत शिक्षक, धर्मगुरू किंवा शाळेत जाणारे मूल पत्र लिहून देई. या शाळांचे माध्यम इंग्रजी असल्याने घरात आयरिश बोलणारी आईदेखील मुलाला पत्र पाठवी ते इंग्रजीतच. त्यामुळे पत्रातील शब्द नेहमीच पाठविणाऱ्याचे असत असे म्हणता येत नाही.

पत्रांचा आशय आणि कार्य :
आरोग्याची विचारपूस, पावसापाण्याची व पिकांची स्थिती, जनावरांचे भाव, गावातील विवाह आणि मृत्यू हा या पत्रांचा नेहमीचा आशय होता. सोबत स्थानिक वृत्तपत्र पाठविण्याची प्रथाही होती. मार्च महिन्यात सेंट पॅट्रिकच्या सणानिमित्त पाकिटातून शॅमरॉकची पाने जात.

तथापि ही पत्रे केवळ जिव्हाळ्याची नव्हती. दुष्काळोत्तर काळात शेतीची वाटणी टाळून ती एकाच वारसाकडे देण्याची पद्धत रूढ झाली. उरलेल्या भावंडांपुढे बहुधा स्थलांतराचाच मार्ग राहिला. घरचे पत्र अशा दुरावलेल्या अपत्याला कुटुंबाच्या निर्णयात सामील करून घेई. पैसे पोहोचल्याची पोच, त्यातून जमिनीचा खंड भागल्याची हकिकत आणि धाकट्या बहिणीच्या प्रवासभाड्याची विनंती एकाच कागदावर येई. या काळातील आयरिश स्थलांतरितांत जवळजवळ निम्म्या स्त्रिया होत्या आणि त्यांतील अनेक अविवाहित होत्या. घरकाम करून त्या पाठवीत असलेल्या पैशांवर कित्येक कुटुंबे तग धरून होती. अशा मुलीला घरचे पत्र म्हणजे आपलेपणाची खूण होती, त्याचप्रमाणे कर्तव्याची आठवणही होती.

तुटलेला संपर्क :
घरून पत्र जाण्यासाठी आधी स्थलांतरिताचा पत्ता घरी पोहोचणे आवश्यक होते. कालवे व लोहमार्गांवर काम करणारा मजूर एका ठिकाणी स्थिर नसे. अमेरिकन शहरांत घरपोच विनाशुल्क टपालवाटप १८६३ मध्ये सुरू झाले. तत्पूर्वी पत्र घेण्यासाठी सामान्यतः टपाल कार्यालयात जावे लागे. न नेलेल्या पत्रांच्या याद्या वृत्तपत्रांत छापल्या जात. ‘बोस्टन पायलट’ या वृत्तपत्राने ऑक्टोबर १८३१ ते ऑक्टोबर १९२१ या काळात हरवलेल्या आप्तांच्या शोधाच्या हजारो जाहिराती प्रसिद्ध केल्या. त्यांत परगणा, गाव, जहाज व आगमनाचे वर्ष असा तपशील दिलेला असे. पत्रव्यवहार खंडित झाल्यावर नाते टिकविण्याचा हा शेवटचा उपाय होता.

विसाव्या शतकातही स्थलांतर थांबले नाही. १९५१ ते १९६१ या दशकात आयर्लंडमधून सुमारे ४ लाख लोकांचे निव्वळ स्थलांतर झाले. त्यांतील बहुतेक ब्रिटनमध्ये गेले. ग्रामीण घरांत दूरध्वनी दुर्मीळ असल्याने पत्र हेच संपर्काचे मुख्य साधन राहिले.

अभ्याससाधनांतील असमतोल :
परदेशातून आलेली पत्रे एकाच घरात पिढ्यान्‌पिढ्या जपली गेली. घरून गेलेली पत्रे मात्र भाड्याच्या खोल्या, मालकांची घरे आणि मजुरांच्या छावण्या बदलताना नष्ट झाली. कर्बी मिलर यांनी अनेक दशके जमविलेला सुमारे ७,००० पत्रांचा संग्रह गॉलवे विद्यापीठाने मार्च २०२४ मध्ये ‘इमिर्के’ या नावाने अंकीय स्वरूपात खुला केला. त्यातही परदेशातून आलेल्या पत्रांचेच प्राबल्य आहे. डेव्हिड फिट्झपॅट्रिक यांचा ‘ओशन्स ऑफ कन्सोलेशन’ हा ग्रंथ या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. कारण ऑस्ट्रेलिया आणि आयर्लंड यांमधील दोन्ही दिशांची पत्रे त्यात एकत्र वाचावयास मिळतात.

निष्कर्ष :
एकाच बाजूची पत्रे वाचली, तर स्थलांतरित हा कर्ता आणि मागे राहिलेले कुटुंब हे केवळ साहाय्याची वाट पाहणारे ठरते. घरून गेलेली पत्रे हा समज दुरुस्त करतात. कोणी जावे, कोणी राहावे आणि आलेला पैसा कशासाठी खर्चावा, हे ठरविण्यात मागे राहिलेल्यांचा वाटा मोठा होता. म्हणून उपलब्ध पत्र वाचताना ते कोणत्या पत्राचे उत्तर आहे, हा प्रश्न अभ्यासकाने विचारणे अगत्याचे आहे. हरवलेल्या पत्रातील मागणी, तक्रार किंवा वार्ता पुष्कळदा त्याच्या उत्तरातच सापडते.