वुजू झाला की नाही?

दोन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. मगरीबची अजान झाली की माझी धाकटी नणंद न्हाणीघरात जायची, ती बाहेर येईपर्यंत इशाची वेळ जवळ यायची. नळ बंद व्हायचा, पुन्हा सुरू व्हायचा. टाकी रिकामी झाली की सासरे अंगणातून ओरडायचे. सुरुवातीला शेजारणी म्हणायच्या, "केवढी परहेजगार पोरगी!" मग थंडीत तिच्या हातांना भेगा पडल्या. भेगांतून रक्त वाहिलं की वुजू तुटला, म्हणून ती पुन्हा धुवायला जायची.

आणि मी? दारात उभी राहून सांगायची, "झाला गं तुझा वुजू, मी पाहिलंय." तिला पाच मिनिटं बरं वाटायचं, मग पुन्हा तोच प्रश्न. बी.एड.ला मानसशास्त्राचा पेपर मीही दिला होता, पण घरात तो काही आठवला नाही.

याला मराठीत मंत्रचळ म्हणतात, आपल्या घरांत वसवसा. एकाने पैसे घेऊन ताईत दिला. टाकी रिकामी होतच राहिली. शेवटी जिल्ह्याच्या ठिकाणी मनोविकारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी गोळ्या सुरू केल्या आणि मानसशास्त्रज्ञ बाईंकडे पाठवलं. त्या 'नमाज कमी करा' म्हणतील अशी मला धास्ती होती. त्यांनी वेगळंच विचारलं: "नळ बंद करताना मनात नेमकं कोणतं वाक्य येतं?"

"कोपर कोरडं राहिलं असेल."

"राहिलं तर?"

"नमाज होणार नाही."

"नाही झाली तर?"

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अम्मी आजारी होती तेव्हा मी रोज दुआ मागायची. माझा वुजूच नीट नसेल. म्हणून ती गेली."

एका घरात राहून मला हे माहीत नव्हतं.

बाईंची पद्धत म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी. फिलाडेल्फियाचे मनोविकारतज्ज्ञ आरोन बेक यांनी १९६० च्या दशकात ती घडवली. रुग्ण बोलत असतो तेव्हा त्याच्या मनात आणखी एक विचारांचा प्रवाह चालू असतो, हे त्यांच्या लक्षात आलं. ते विचार आपोआप येतात, झटकन येतात, म्हणून आपण त्यांना पुरावा मागत नाही. त्याआधी, १९५५ पासून, न्यूयॉर्कचे अल्बर्ट एलिस माणसाच्या अविवेकी समजुतींशी सरळ वाद घालू लागले होते. मुंबईचे कि. मो. फडके यांच्यामुळे ती पद्धत 'विवेकनिष्ठ मानसोपचार' म्हणून मराठीत रुजली. एलिस यांचा सारा रोख 'च'वर होता: झालंच पाहिजे, चुकताच कामा नये. भाषा शिकवणारी मी. एका अक्षरात एवढा छळ असेल असं वाटलं नव्हतं.

बाईंनी वाद घातला नाही. कागदावर एक वर्तुळ काढलं आणि म्हणाल्या, "अम्मींच्या जाण्याला जी जी कारणं होती, त्यांना यात वाटा दे. तुझा वुजू सगळ्यांत शेवटी." अठरा वर्षांचा मधुमेह, निकामी झालेली मूत्रपिंडं, उशिरा सुरू झालेलं डायलिसिस, शेवटचा न्यूमोनिया. वुजूची पाळी आली तेव्हा जागा उरली नव्हती. तिने पेन्सिलीने एक बारीक रेघ ओढली. बाई म्हणाल्या, "राहू दे ती रेघ."

मग त्यांनी मला एक गोष्ट बजावली. कोपर ओलं होतं की नाही, यावर चर्चा करायची नाही. ती चर्चा म्हणजे पुन्हा धुणंच. तपासायची ती त्यामागची समजूत: शंका आली म्हणजे चूक झालीच, आणि शंभर टक्के खात्री हवीच. आमच्या मौलाना साहेबांनाही विचारलं. ते म्हणाले, शंकेने खात्री जात नाही हा फिकहचा जुना नियम आहे. ज्याला सारख्या शंका येतात त्याने त्यांच्याकडे लक्षच देऊ नये.

सासऱ्यांना हे 'विलायती खूळ' वाटत होतं. त्यांना मी अबू झैद अल-बल्खींबद्दल सांगितलं. आजच्या अफगाणिस्तानातल्या बल्ख भागातले हे विद्वान इ.स. ९३४ मध्ये वारले. त्यांच्या 'मसालिहुल अब्दान वल अनफुस' या ग्रंथात शरीराइतकाच मनाचा विचार आहे, आणि राग, भीती, दुःख यांच्याबरोबर वसवशाचाही. घरात औषधं ठेवतो तसे मन शांत असताना चांगले विचार साठवून ठेवावेत, असं ते सांगतात. सुदानचे मानसशास्त्रज्ञ मलिक बदरी यांनी त्यातल्या मनावरच्या भागाचा इंग्रजी अनुवाद २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. सासरे काही बोलले नाहीत, पण पुढच्या खेपेला गाडीभाडं त्यांनीच दिलं.

खरी कसोटी घरी होती. एका लोट्यात वुजू करायचा आणि उठायचं. बेचैनी शंभरपैकी किती, ते दर दहा मिनिटांनी वहीत लिहायचं. पहिल्या दिवशी नव्वद होती. तिने आधीच लिहून ठेवलं होतं: "आज रात्रभर झोप लागणार नाही." तासाभरात आकडा चाळीसवर आला, आणि अकराला ती झोपली होती. हे तिला कुणी पटवून दिलं नाही, तिच्याच वहीने दाखवलं.

माझं काम जास्त कठीण होतं. तिने विचारलं की "शंका आली वाटतं" एवढंच म्हणायचं आणि स्वयंपाकघरात निघून जायचं. पहिल्या आठवड्यात ती माझ्याशी बोलली नाही. "भाभी, तुम्हाला माझी काही पर्वाच नाही," असंही म्हणाली. मी कणीक मळत रडले.

पाच महिने लागले. गोळ्या डॉक्टरांनी हळूहळू कमी केल्या. मनाने बंद करू नका म्हणून दर वेळी बजावलं. गेल्या रमजानमध्ये सहरीच्या वेळी ती दोनदा अडकली. तिने वही काढली.

तुमच्या घरातही कुणाचा नळ असा वाहत असेल तर 'टेली-मानस'चा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे. मराठीतही बोलता येतं.