हेल्डर कामारा आणि मुक्तीचे ईश्वरविज्ञान

‘मुक्ती’ हा शब्द उच्चारताच मराठी वाचकाच्या मनात प्रथम उभा राहतो तो संसारबंधनातून सुटण्याचा अर्थ. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लॅटिन अमेरिकेतील कॅथलिक धर्मचिंतनाच्या केंद्रस्थानी जी मुक्ती आली, तिचा रोख मात्र निराळा होता. भूमिहीन शेतमजूर, झोपडपट्टीतील बेकार, अक्षरशत्रू ठेवलेला शेतकरी यांची दारिद्र्यातून आणि दास्यातून सुटका होणे ही धर्मश्रद्धेच्या बाहेरची गोष्ट नसून त्या श्रद्धेचेच अंग आहे, असे या चिंतनाचे प्रतिपादन आहे. त्यास ‘मुक्तीचे ईश्वरविज्ञान’ ही संज्ञा प्राप्त झाली. हा विचार ग्रंथरूपाने सिद्ध होण्यापूर्वीच काही धर्माधिकाऱ्यांच्या आचरणात उतरू लागला होता. ब्राझीलमधील ओलिंदा व रेसिफे येथील आर्चबिशप हेल्डर कामारा (१९०९–१९९९) हे त्याचे ठळक उदाहरण होय. त्यांच्या कार्याचा विचार करताना एक प्रश्न टाळता येत नाही : अधिकार वरून खाली उतरतो आणि मुक्ती खालून वर यावयाची असते, मग पहिल्याच्या आधारे दुसरी कितपत साधते?

१. दानधर्माकडून समाजरचनेकडे

कामारा यांचा जन्म ईशान्य ब्राझीलमधील फोर्तालेझा येथे झाला. १९३१ मध्ये त्यांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली. त्यांच्या विचारांची वाटचाल प्रारंभापासून एकाच दिशेने झाली, असे मानणे चुकीचे ठरेल. १९३० नंतरच्या दशकात ते ब्राझीलमधील ‘इंटेग्रालिस्ट’ या फॅसिस्ट वळणाच्या चळवळीत सामील झाले होते. पुढे त्यांनी ती आपल्या तारुण्यातील चूक असल्याचे उघडपणे मान्य केले. १९३६ मध्ये ते रिओ दी जानेरो येथे आले आणि संघटनकौशल्यामुळे चर्चच्या कारभारात त्यांचे स्थान वाढत गेले. १९५२ मध्ये ब्राझीलमधील बिशपांची राष्ट्रीय परिषद स्थापन झाली, ती प्रामुख्याने त्यांच्याच प्रयत्नांमुळे. त्याच वर्षी ते साहाय्यक बिशप झाले. परिषदेचे सचिवपद १९६४ पर्यंत त्यांच्याकडे होते.

१९५५ मध्ये रिओ येथे ३६ वी आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषद भरली. (याच मालिकेतील ३८ वी परिषद १९६४ मध्ये मुंबईस झाली.) या भव्य समारंभाची सर्व व्यवस्था कामारा यांनी पाहिली. तो संपल्यावर फ्रान्समधील लिओंचे कार्डिनल जेर्लिए यांनी त्यांना, हे सारे संघटनसामर्थ्य रिओच्या झोपडपट्ट्यांसाठी का खर्च करू नये, असे सुचविले. त्यातून ‘संत सेबास्तियन अभियान’ निघाले. लेब्लों या श्रीमंत वस्तीत झोपडपट्टीवासीयांसाठी १० इमारती उभ्या राहिल्या आणि तेथे सुमारे ९०० कुटुंबांची सोय झाली. १९५९ मध्ये गरजूंना साहाय्य करणारी ‘प्रॉव्हिडन्स बँक’ निघाली.

या कार्याचे मोल कमी नाही. तथापि त्याची मर्यादाही त्यातूनच उघड झाली. एका वस्तीस पक्की घरे मिळेपर्यंत ग्रामीण भागातून, विशेषतः ईशान्येकडून, आलेल्या माणसांच्या नव्या झोपड्या अन्यत्र उभ्या राहत. दारिद्र्याचे मूळ शहरात नव्हतेच. ते उसाच्या मळ्यांच्या आणि मोठ्या जमीनमालकीच्या व्यवस्थेत होते. गरिबाला अन्न दिले असता आपणास संत म्हणतात, परंतु तो गरीब का, असे विचारताच कम्युनिस्ट म्हणतात, या आशयाचे कामारा यांचे उद्गार सर्वत्र प्रसिद्ध आहेत. त्यातील विनोद बाजूला ठेवला, तर दानधर्म आणि समाजरचनेची चिकित्सा यांतील नेमका भेद त्यात सांगितलेला आहे.

२. रेसिफे आणि लष्करी राजवट

दुसरी व्हॅटिकन परिषद १९६२ ते १९६५ या काळात रोम येथे भरली. तिच्या मुख्य सभागृहात कामारा एकदाही बोलले नाहीत. त्यांचे कार्य सभागृहाबाहेरील भेटीगाठींत आणि पत्रव्यवहारात चालले. ‘गरिबांचे चर्च’ या कल्पनेभोवती जमलेल्या गटात ते अग्रणी होते. १६ नोव्हेंबर १९६५ रोजी रोममधील डोमिटिला भुयारी दफनभूमीत सुमारे ४० बिशपांनी जो संकल्प केला, तो याच वातावरणातून निघाला. सामान्य माणसासारखे राहावे, मालमत्ता स्वतःच्या नावावर ठेवू नये, मानाच्या पदव्या टाळाव्यात, अशी त्यातील कलमे होती. कामारा यांनी पुढे आर्चबिशपांचा प्रासाद सोडला आणि एका लहान चर्चच्या मागील खोलीत मुक्काम हलविला.

मध्यंतरी १९६४ च्या मार्चमध्ये त्यांची ओलिंदा व रेसिफे येथे नेमणूक झाली. त्यानंतर काही आठवड्यांतच लष्कराने ब्राझीलची सत्ता हाती घेतली. एप्रिलमध्ये पदग्रहण करताना त्यांनी आपण सर्वांचे बिशप असल्याचे सांगितले. उजव्या वा डाव्या, कोणत्याही मताच्या माणसासाठी आपले दार खुले राहील, असे आश्वासन त्यांनी दिले. नव्या सत्ताधाऱ्यांच्या दृष्टीने एवढी तटस्थताही संशयास्पद होती. याच प्रदेशात १९५५ नंतर शेतकरी संघटनांनी जमीनदारांविरुद्ध बळ धरले होते आणि पाउलो फ्रेअरे यांच्या प्रौढ साक्षरतेच्या पद्धतीचा उगमही येथलाच. संघटना मोडल्या गेल्या आणि फ्रेअरे यांना देश सोडावा लागला.

डिसेंबर १९६८ मध्ये राजवटीने उरलेसुरले नागरी हक्कही स्थगित केले. मे १९६९ मध्ये कामारा यांचे तरुण सहकारी फादर आंतोनियो हेन्रिके यांचे अपहरण होऊन अमानुष छळानंतर त्यांची हत्या झाली. स्वतः आर्चबिशपांस हात लावणे राजवटीस अवघड होते. त्यांच्यासाठी होणारी किंमत इतरांनी मोजली. ही जाणीव त्यांना अखेरपर्यंत सलत राहिली असल्यास नवल नाही. मे १९७० मध्ये पॅरिस येथे हजारो श्रोत्यांसमोर त्यांनी ब्राझीलमधील छळाचे प्रकार जाहीरपणे सांगितले. परिणामी ब्राझीलच्या वृत्तपत्रांत काही वर्षे त्यांचे शब्द छापण्यास बंदी झाली. नोबेल शांतता पारितोषिक त्यांना मिळू नये म्हणूनही सरकारने परदेशात प्रयत्न केले. १९७४ मध्ये नॉर्वेतील लोकांनी वर्गणी जमवून त्यांना पर्यायी शांतता पारितोषिक दिले.

३. विचाराचे स्वरूप

१९६८ मध्ये कोलंबियातील मेदेयीन येथे लॅटिन अमेरिकेतील बिशपांची परिषद झाली. अन्याय्य समाजव्यवस्था ही स्वतःच एक संस्थात्मक हिंसा आहे, ही तेथे मांडलेली कल्पना पुढील सर्व चिंतनाचा पाया ठरली. पेरू देशातील धर्मगुरू गुस्तावो गुतिएरेस यांचा ‘मुक्तीचे ईश्वरविज्ञान’ हा ग्रंथ १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मुक्तीच्या तीन पातळ्या मानल्या आहेत : सामाजिक व राजकीय दडपणातून सुटका, स्वतःचा इतिहास स्वतः घडविण्याचे मानवी स्वातंत्र्य आणि पापातून मुक्ती. या तिन्ही परस्परांत गुंतलेल्या आहेत; एक साधली म्हणजे दुसरीची गरज उरत नाही, असे नाही.

कामारा हे या अर्थाने शास्त्रकार नव्हेत. त्यांचे वैशिष्ट्य हिंसेच्या मीमांसेत आहे. त्यांच्या मते अन्याय ही पहिली हिंसा, तिच्याविरुद्धचे बंड ही दुसरी आणि बंड मोडण्यासाठी होणारी दडपशाही ही तिसरी. तिसरीने पहिली अधिकच बळावते आणि हे आवर्त फिरत राहते. सत्ताधीश केवळ दुसऱ्या हिंसेकडे बोट दाखवितात, हा त्यांचा आक्षेप होता. मात्र त्यांनी स्वतः शस्त्राचा मार्ग स्वीकारला नाही. २ ऑक्टोबर १९६८ रोजी, म्हणजे गांधीजयंतीस, त्यांनी अहिंसक नैतिक दडपणाची चळवळ सुरू केली. तिची तारीख सहेतुक निवडलेली होती. चळवळीस अपेक्षित बळ मिळाले नाही. विद्यापीठे, चर्च, कामगार संघ या मोठ्या संस्था आवाहनाने हलत नाहीत, हे त्यांना पटले. यापुढे प्रत्येक संस्थेतील अल्पसंख्य जागृत माणसांवर त्यांनी भिस्त ठेवली. आशेला आधार नसतानाही आशा न सोडणाऱ्या अब्राहामाचे नाव त्यांनी या गटांना दिले.

४. अधिकाराची मर्यादा

या विचारावर रोमने १९८४ मध्ये गंभीर आक्षेप नोंदविले. मार्क्सच्या वर्गसंघर्षाच्या सिद्धांताचा स्वीकार चिकित्सेवाचून केला जातो आणि पापाची कल्पना समाजरचनेपुरती आकुंचित होते, असे ते थोडक्यात मांडता येतील. १९८६ च्या दुसऱ्या निवेदनात मुक्तीच्या ख्रिस्ती अर्थाचे अधिक सकारात्मक विवेचन आले. पहिला आक्षेप सर्वस्वी निराधार नव्हता. परंतु तो कामारा यांना फारसा लागू पडत नाही. त्यांच्या कार्याचा पाया वस्त्यावस्त्यांतून बायबल वाचणारे व आपल्या स्थितीचा विचार करणारे लहान समूह हा होता.

खरी कसोटी निराळीच निघाली. १९८५ मध्ये वयोमानानुसार कामारा निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेल्या आर्चबिशपांची दिशा भिन्न होती. १९८९ मध्ये रेसिफेची ईश्वरविज्ञान संस्था आणि तेथील प्रादेशिक गुरुविद्यालय बंद करण्यात आले. कामारा त्याच गावात राहत होते; त्यांनी जाहीर विरोध केला नाही. ज्या पदाच्या बळावर त्यांनी हे कार्य उभारले, त्याच पदाच्या बळावर ते थांबविता आले, ही गोष्ट डोळ्यांआड करता येत नाही.

तथापि एवढ्यावरून निष्कर्ष काढणे घाईचे होईल. संस्था बंद झाल्या; पण स्वतःच्या दारिद्र्याचे कारण विचारण्यास शिकलेली माणसे कोणत्याही हुकुमाने पूर्वस्थितीस जात नाहीत. २०१५ मध्ये कामारा यांना धन्य घोषित करण्याच्या प्रक्रियेस प्रारंभ झाला आणि २०१७ मध्ये ब्राझीलने कायद्याने त्यांना मानवी हक्कांचे राष्ट्रीय आश्रयदाते ठरविले. हे सन्मान वरून आलेले आहेत. त्यांच्या कार्याचे मोजमाप मात्र, त्यांच्याच कसोटीने, खालून करावे लागेल : अधिकारपदाने कोणते आदेश दिले यावरून नव्हे, तर पद गेल्यानंतर त्या वस्त्यांतील माणसे कोणते प्रश्न विचारीत राहिली यावरून.