इंग्रजींतील ‘आउल’ आणि आपलें घुबड

आमच्या शेतकरी बांधवांचीं मुलें आतां इंग्रजी शिकत आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु कोशांतील अर्थ पाठ झाला म्हणजे शब्द कळला, असें नाहीं. ‘आउल’ हाच शब्द पाहा. कोशांत अर्थ एवढाच कीं, घुबड. पण इंग्रजी पुस्तकांत एखाद्या वृद्धास ‘वाइज ओल्ड आउल’ म्हटलें असेल, तर ती निंदा नसून ‘शहाणा व अनुभवी पुरुष’ अशी स्तुति समजावी. आपल्याकडे मात्र कोणास घुबड म्हटलें कीं भांडण ठरलेलें; हिंदींतहि ‘उल्लू’ म्हणजे मूर्ख.

इंग्रजींतील हा मान मूळचा ग्रीस देशांतला. अथेन्स नगरीची देवता अथीना ही ज्ञानाची अधिष्ठात्री, आणि घुबड तिचा पक्षी. इ. स. पूर्व पांचव्या शतकांतील तेथील चांदीच्या नाण्यांवर एका बाजूस देवीचें मुख व दुसऱ्या बाजूस घुबड आहे. आपल्या पिंगळ्याच्या शास्त्रीय नांवांतहि याच देवीचें नांव आलें आहे.

तथापि इंग्रजींत हा पक्षी सर्वत्र शुभच मानला आहे, असें समजूं नये. शेक्सपियरच्या ‘मॅक्बेथ’ नाटकांत राजाचा खून होतो त्या रात्रीं घुबड ओरडतें, तें मृत्यूचें चिन्ह म्हणून. तेव्हां मागचा पुढचा संदर्भ पाहूनच अर्थ करावा. रात्रीं जागणाऱ्या मनुष्यास ‘नाइट आउल’ म्हणतात; त्यांत स्तुति नाहीं व निंदाहि नाहीं. इंग्लंडांतून लोंकर परदेशीं नेण्यास बंदी होती, त्या काळीं ती चोरून नेण्याच्या धंद्यास ‘आउलिंग’ म्हणत. हा धंदा रात्रीं चाले, म्हणून हें नांव पडलें असें मानतात. ती बंदी १८२४ सालीं उठली व शब्दहि मागें पडला.

एकंदरींत शहाणपण काय किंवा अपशकुन काय, दोन्ही मनुष्यानेंच या पक्ष्यावर लादलेलीं आहेत. शेतकऱ्यानें त्याचें काम पाहावें. गव्हाणी घुबडाचें मुख्य भक्ष्य उंदीर. इस्राएल देशांत १९८३ पासून स्दे एलियाहू येथील शेतकऱ्यांनीं शेतांत लांकडी पेट्या लावून हीं घुबडें मुद्दाम वसविलीं, तीं उंदरांच्या बंदोबस्तासाठींच. आपल्याकडे मात्र घुबड गोठ्याच्या आढ्यावर दिसलें कीं दगड उचलले जातात, आणि पेंवांतलें धान्य उंदीर खातात तें वेगळेंच.

१९७२ च्या वन्य जीव संरक्षण अधिनियमाप्रमाणें घुबड मारणें किंवा पकडणें हा गुन्हा आहे. परंतु कायद्याच्या भयापेक्षां स्वतःचें हित ओळखणें बरें. बांधावरील जुन्या झाडाची ढोली राखावी. उंदरांसाठीं विष घालतांना जपावें. कारण कांहीं विषांनीं मेलेला उंदीर खाल्ल्यास घुबडहि दगावतें. आणि मुलगा ‘आउल’ शब्दाचा अर्थ विचारील, तेव्हां त्यास या सर्व गोष्टी सांगाव्या.