आकडा, कर्ज आणि घर

गावच्या जत्रेचे वृत्त लिहिण्याचे काम प्रसिद्धी खात्यात नोकरी करणाऱ्याच्या वाट्याला वारंवार येते. पालखी, दशावतारी नाटक, ओटी भरण्यासाठी आलेल्या माहेरवाशिणी, खाज्यांची दुकाने, वाहतुकीची व्यवस्था, या सर्वांचा उल्लेख वृत्तात होतो. देवळाच्या मागल्या अंगाला ताडपत्रीखाली, बल्बच्या उजेडात रात्रभर चाललेल्या गडगड्याचा उल्लेख मात्र होत नाही. प्रस्तुत लेखकानेही तो कधी केलेला नाही. कोणी मना केले होते म्हणून नव्हे. ती गोष्ट इतकी नेहमीची, की तिची नोंद घ्यावी असे मनातच आले नाही.

जुगाराच्या व्यसनाविषयी लिहायचे तर प्रारंभ येथूनच करावा लागतो. दारू पिऊन रस्त्यात पडणाऱ्याला समाज नाव ठेवतो. रोज आकडा लावणाऱ्याला तो काहीच म्हणत नाही. गोमंतकात चतुर्थीच्या जागरणाला पत्ते मांडण्याची चाल अनेक घरांत आहे. दिवाळीच्या पाडव्याला द्यूतप्रतिपदा हे दुसरे नाव आहे, आणि कोजागरीच्या रात्री फासे खेळून जागरण करावे असे व्रतग्रंथच सांगतात. गोविंद बल्लाळ देवलांनी मराठी रंगभूमीवर आणलेले ‘मृच्छकटिक’ वाचकांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. वसंतसेनेने ठेवावयास दिलेले दागिने चोरीस जातात तेव्हा चारुदत्त तिला निरोप पाठवितो तो असा, की ते मी जुगारात हरलो. चोरी झाली म्हटले तर दरिद्री माणसावर लोक विश्वास ठेवणार नाहीत, पण जुगारात गेले म्हटले तर कोणाला नवल वाटणार नाही, हा त्या सज्जनाचा हिशेब आहे. इतक्या शतकांनंतरही तो फारसा चुकीचा ठरलेला नाही. गोव्यातील प्रौढ पुरुषांची एक पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तीत जवळजवळ निम्म्या पुरुषांनी आपण कोणत्या ना कोणत्या प्रकारे पैसे लावून खेळल्याचे सांगितले होते, आणि त्या प्रकारांत लॉटरी अग्रभागी होती.

हे सर्व लोक व्यसनी होत, असे अर्थातच नाही. वर्षातून एकदा पत्ते खेळून उठणारा मनुष्य आणि घरखर्चाचे पैसे घेऊन आकड्याच्या गाड्यावर जाणारा मनुष्य यांत मोठे अंतर आहे. ते ओळखण्यासाठी तज्ज्ञ दोन साधे प्रश्न विचारतात. पूर्वीपेक्षा अधिकाधिक रक्कम लावावी अशी ओढ कधी लागली काय? आणि किती लावतो याबद्दल आपल्या माणसांशी कधी खोटे बोलावे लागले काय? दोहोंपैकी एकाचेही उत्तर ‘होय’ असेल, तर अधिक चौकशी अवश्य करावी. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली जुगाराच्या या अवस्थेची मनोविकारांच्या यादीत प्रथम नोंद केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. तीत जुगाराचा विकार दारू व अन्य मादक पदार्थांच्या विकारांच्या शेजारी ठेवण्यात आला आहे. म्हणजे जो दोष आपण स्वभावाचा वा संस्कारांचा मानीत आलो, तो वैद्यकाच्या दृष्टीने आजार आहे आणि त्यावर उपचार होऊ शकतात.

हा आजार कसा जडतो हे मटक्याच्या उदाहरणावरून चांगले समजते, कारण आपल्या भागात त्याची ओळख करून देण्याची गरज नाही. न्यूयॉर्कच्या बाजारातून मुंबईस येणाऱ्या कापसाच्या उघडत्या व मिटत्या भावांवर पैजा लागत, त्यातून या खेळाचा उगम झाला. ते भाव येणे १९६१ साली बंद झाले. तेव्हा कापसाऐवजी चिठ्ठ्या आल्या; त्या मडक्यातून काढीत म्हणून नाव मटका. कल्याणजी भगत याने १९६२ साली व रतन खत्री याने १९६४ साली आपापला मटका मुंबईत चालू केला. कापूस गेला तरी ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द राहिले. तीन अंक काढून त्यांची बेरीज करावयाची आणि बेरजेचा शेवटचा अंक घ्यावयाचा. तीन, पाच व नऊ आले तर बेरीज सतरा, म्हणून आकडा सात. असे दोनदा केले की दोन अंकांची जोडी होते.

जोडी शंभरांपैकी एक. प्रचलित दराने एका रुपयास नव्वद रुपये मिळतात, काही ठिकाणी त्याहूनही कमी. शंभरही जोड्यांवर एकेक रुपया लावला तर शंभर देऊन नव्वद परत येतील. उरलेले दहा रुपये हा खेळ चालविणाऱ्याचा हक्काचा वाटा होय. त्यासाठी त्याला लबाडी करण्याचीही गरज नाही. आता रोज एकच जोडी लावणाऱ्याचे पाहा. शंभर दिवसांत एकदा तरी आपली जोडी लागेलच, असे त्याला वाटते. परंतु गणित सांगते की शंभर दिवस लावूनही ती एकदाही न लागण्याचा संभव शंभरात सुमारे सदतीस आहे. ‘इतके दिवस आली नाही, म्हणजे आता यायलाच हवी’ हे गाड्याभोवती ऐकू येणारे वाक्य सर्वस्वी निराधार आहे. काल काय निघाले हे मडक्याला आठवत नाही. वरच्या वर्गांना संभाव्यता शिकविणाऱ्या शिक्षकांनी हे उदाहरण फळ्यावर सोडवून दाखवावे, अशी सूचना करावीशी वाटते. आकड्यांचे तक्ते वह्यांत उतरवून त्यांत क्रम शोधणारी मुले आपल्या शाळांतूनच बाहेर पडलेली असतात.

मात्र गणित कळल्याने व्यसन सुटते असे नाही. मटक्याचा हिशेब तोंडपाठ असलेले व्यसनीही आढळतात. याचे कारण असे, की केव्हा मिळेल याचा नेम नसलेले बक्षीस मनाला जितके धरून ठेवते, तितके नेमाने मिळणारे ठेवीत नाही. शिवाय सत्तेचाळीस लावला आणि अठ्ठेचाळीस आला, तर हरलो असे वाटतच नाही. थोडक्यात हुकले, असे वाटते. निकाल जितका लवकर आणि डाव जितके जास्त, तितकी ही पकड घट्ट. १९९८ च्या लॉटरी नियमन अधिनियमाने एकाच अंकावर बक्षीस देणाऱ्या लॉटरीस मनाई केली. पुढे दिवसातून दोनदा लागणारा आकडा मोबाइलवर क्षणाक्षणाला लागू लागला. पैसे लावून खेळावयाच्या अशा ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा अधिनियम संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला.

यापुढची पायरी सर्वांत घातक होय. मनुष्य आता जिंकण्यासाठी खेळत नाही. गेलेले काढण्यासाठी खेळतो. बायकोला कळण्यापूर्वी, हप्ता थकण्यापूर्वी, पतसंस्थेची नोटीस येण्यापूर्वी एकदाच मोठा आकडा लागावा, म्हणजे सारे जेथल्या तेथे ठेवून आपण मोकळे होऊ, असे तो मनाशी म्हणतो. त्याच्या दृष्टीने जुगार हाच कर्ज फेडण्याचा मार्ग ठरतो. बाहेरच्याला जो लोभ दिसतो, तो पुष्कळदा भीतीचा प्रकार असतो.

डिचोली तालुक्यातील एका गावी पंचायतीच्या कार्यक्रमानंतर एक निवृत्त शिक्षिका मुद्दाम भेटावयास थांबल्या होत्या. त्यांचा मुलगा खनिजाच्या ट्रकवर चालक होता. २०१२ साली खाणी बंद पडल्या आणि रिकाम्या दिवसांत तो आकडा लावू लागला. पुढे औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली, पण आकडा सुटला नाही. पहिल्यांदा चाळीस हजारांचे देणे उघड झाले तेव्हा बाईंनी मुदतठेव मोडली. मुलाने देवासमोर शपथ घेतली; चार महिने बरे गेले. दुसऱ्यांदा सव्वा लाख निघाले. या वेळी पाटल्या गहाण पडल्या, आणि सुनेच्या माहेरी कळू नये म्हणून त्या लग्नसमारंभांना जाईनाशा झाल्या. “साहेब, मी शाळेत सदतीस वर्षे हिशेब शिकविला,” त्या म्हणाल्या, “आणि माझ्याच घरातला हिशेब दोनदा झाकून ठेवला.” तिसऱ्या वेळी त्यांनी पैसे दिले नाहीत. मुलगा दोन दिवस जेवला नाही, नाही नाही ते बोलला. त्या रात्री आपण दाराशी अंथरूण टाकून जागत होतो, असेही त्यांनी सांगितले.

महाभारतातील सभापर्व आपण नाटकांत व कीर्तनांत पुष्कळदा ऐकतो, आणि द्रौपदीच्या विटंबनेपाशी आपले लक्ष थांबते. त्यानंतर काय झाले, तेही ध्यानात घेण्यासारखे आहे. धृतराष्ट्राने द्रौपदीला वर दिले, पांडव दास्यातून सुटले आणि हरलेले राज्य व धन त्यांना परत मिळाले. ऋण पूर्ण फिटले, शिक्षा काहीच नाही. इंद्रप्रस्थाच्या वाटेवर असतानाच पुन्हा बोलावणे आले, आणि युधिष्ठिर पुन्हा खेळावयास बसला. वनवास त्या दुसऱ्या द्यूताने घडला. खुद्द धर्मराजाची जेथे ही गत, तेथे देणे गुपचूप फेडून मुलगा सुधारेल, ही आईची आशा कितपत खरी ठरणार? गुपचूप फेडलेले कर्ज मोकळी झालेली पत म्हणून पुन्हा हाती येते. प्रेमाने केलेले हे साहाय्य व्यसनाचेच भांडवल होते, असे म्हटले तर ते कठोर वाटेल. पण त्या बाईंचाच तो निष्कर्ष होता.

मग घराने करावयाचे काय? हाकलून देणे हाही उपाय नव्हे. सुटकेचा प्रारंभ बहुधा एका कागदाने होतो. कोणाचे किती देणे, ते व्यसनी माणसाने स्वतः, घरच्यांच्या देखत लिहावयाचे. सावकार, सहकारी, पतसंस्था, मोबाइलवरून घेतलेले कर्ज, काही न लपविता. पहिल्या दिवशी ही यादी कधीच पूर्ण होत नाही. आठवड्याने एखादे नाव आणखी निघते, महिन्याने आणखी एक. त्याचा संताप येणे स्वाभाविक आहे. पण उशिरा का होईना, नाव बाहेर आले हे चांगलेच लक्षण मानावे. देणे त्याच्याच पगारातून, लहान हप्त्यांनी फिटावे आणि देणेकऱ्यांशी बोलणी त्यानेच करावी. पगाराचे खाते, एटीएम कार्ड व मोबाइलवरून पैसे देण्याची सोय काही काळ विश्वासाच्या माणसाकडे असावी. यात अपमान नाही. मोडलेल्या हाताला झोळी बांधतात, तसे हे आहे.

ओढ पुन्हा पुन्हा येते, विशेषतः पगाराच्या दिवशी. ती लाटेसारखी चढते आणि थोड्या वेळाने ओसरते. तेवढा वेळ दुसऱ्या कोणाच्या सोबतीने काढता आला, तर पुष्कळ साधते. गाड्यावरून जाणारी वाट बदलणे यांसारख्या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींचा येथे मोठा उपयोग होतो. ‘यायलाच हवी’ यांसारखे विचार ओळखून मोडून काढावयास शिकविणारी समुपदेशनाची पद्धत या विकारावर गुणकारी ठरली आहे. समदुःखी माणसांनी एकत्र बसून आपापली हकीकत सांगावी, या तत्त्वावर जुगाऱ्यांची पहिली स्वसाहाय्य मंडळी १९५७ साली लॉस एंजेलिस येथे जमली आणि हा उपक्रम पुढे अनेक देशांत पसरला. वर्षभर दूर राहिलेला मनुष्य पुन्हा एकदा आकडा लावून येतो, असेही घडते. त्यावरून सारे फुकट गेले असे समजू नये. कोणत्या दिवशी, कोणत्या कारणाने गेला, तेवढे शांतपणे पाहावे.

एक गोष्ट मात्र घरच्यांनी दृष्टिआड करू नये. कर्ज उघड होण्याचा काळ जिवाला धोक्याचा असतो. मनुष्य गप्प होऊ लागला, झोप उडाली, मरणाची भाषा बोलू लागला, तर ती धमकी समजून सोडून देऊ नये. त्याला एकटे ठेवू नये आणि त्याच दिवशी वैद्यकीय मदत घ्यावी. बांबोळी येथील मनोविकार रुग्णालयात, म्हणजे मनोविकार व मानवी वर्तन संस्थेत, उपचार मिळू शकतात. ‘टेली-मानस’ ही केंद्र शासनाची दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. तिचा क्रमांक १४४१६. बोलण्यास पैसे पडत नाहीत, आणि घरच्यांनीही तेथे विचारण्यास हरकत नाही.

शासकीय नियतकालिकात हे लिहीत असता वाचकांच्या मनात एक प्रश्न उभा राहील, याची लेखकास कल्पना आहे. गोव्यात १९७६ पासून सार्वजनिक जुगार प्रतिबंधक कायदा आहे. त्याच कायद्यात १९९२ साली दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत जुगारयंत्रांना वाट मिळाली आणि १९९६ साली जहाजांवरील खेळांना. १ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना कॅसिनोत प्रवेश बंद करण्यात आला. जे पाहुण्याला मोकळे ते घरच्याला वर्ज्य, या व्यवस्थेतून शाळकरी मुलगा नेमके काय शिकत असेल, हे शिक्षकांनीच सांगावे. महसुलाचे गणित वेगळे आणि घराचे वेगळे. पण मांडवीतील दिवे दोघांनाही दिसतात. मटका तर कायद्याने कधीच मान्य नव्हता, आणि तो कोठे घेतात हे गावात लहान मुलालाही सांगता येते. जत्रेची परवानगी मागताना मागल्या अंगाच्या ताडपत्रीचे काय करणार, हा प्रश्न ज्या देवस्थान समितीने व पंचायतीने आपण होऊन विचारला, तेथे तो सुटण्यास आरंभ झाला असे समजावे.

त्या शिक्षिकाबाईंच्या घरी आता शाळेची दोनशे पानी वही आहे. पहिल्या पानावर मुलाच्या हाताने लिहिलेली नावे आहेत, त्यांतील दोन नंतर भर घातलेली, वेगळ्या शाईत. दर महिन्याच्या सात तारखेला तो हप्ते भरतो आणि पावती वहीत चिकटवितो. मधे एकदा, चतुर्थीच्या आधी, तो पुन्हा आकडा लावून आला होता. तेही त्याने त्याच वहीत तारीख घालून लिहिले आहे. पाटल्या अजून सोडवून आणावयाच्या आहेत. “त्या शेवटी,” असे बाई म्हणाल्या. “आधी लोकांचे.”